अल्पपिष्ट पुरी : मंडईपासून कढईपर्यंत



पुरी हा पदार्थ आपल्या घरांत कोणी रोज करीत नाहीं. आणि म्हणूनच तो सोडून द्या असें सांगणें जितकें सोपें, तितकेंच तें पाळणें अवघड जातें. पाडव्याला श्रीखंडाबरोबर पुरी हवी, लांबच्या प्रवासाला निघतांना तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा हवा, आणि अवचित पाहुणा आला तर बटाट्याची भाजी व चार पुऱ्या यांसारखें झटपट होणारें दुसरें आतिथ्य नाहीं. अशा दिवशीं घरांतील मधुमेही माणसाची मोठी पंचाईत होते. एक तर त्याच्या पानांत सर्वांदेखत भाकरीचा चतकोर पडतो आणि सणाच्या पंगतींत तो पथ्यकर म्हणून वेगळा दिसूं लागतो. नाहीं तर ‘आजच्या दिवस चालेल’ म्हणून तो सहा पुऱ्या खातो व त्याचा हिशेब पुढें आठ दिवस शरीराला चुकता करावा लागतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेल्या पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले, त्यांप्रमाणें आपल्या देशांत सुमारें १० कोटि १० लक्ष लोकांस मधुमेह असून आणखी १३ कोटि ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. तेव्हां ही पंचाईत एखाददुसऱ्या घरची नव्हे.

यावर तोडगा म्हणून ज्या पुरीची हल्लीं पुष्कळ चर्चा होते, ती कमी कर्बोदकांची, म्हणजे ‘लो-कार्ब’ पुरी. आपण तिला अल्पपिष्ट पुरी म्हणूं. ही पुरी होते का, कशी होते, आणि झाली तर तिच्यापासून काय मिळतें व काय मिळत नाहीं, एवढेंच आज सांगावयाचें योजिलें आहे. कोणाचें औषध सोडविण्याचा किंवा कोणाला पोटभर पुऱ्या खाण्याचा परवाना देण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं.

प्रथम मूळ प्रश्न पाहूं. गव्हाच्या पिठांतील मोठा भाग म्हणजे पिष्ट. पिष्ट हें साखरेच्याच कणांची लांबलचक सांखळी होय. पचनाच्या क्रियेंत ती सांखळी तुटते आणि सुटे झालेले कण ग्लुकोजच्या रूपानें रक्तांत उतरतात. निरोगी शरीरांत इन्शुलिन नांवाचा रस त्या साखरेला पेशींच्या आंत पोंचवितो. मधुमेह्याच्या शरीरांत एक तर तो रस कमी पडतो, नाहीं तर पेशी त्याला दाद देत नाहींत. आणि साखर रक्तांतच साठून राहते. जिभेला गोड लागणारी साखर व जिभेला गोड न लागणारें पिष्ट यांत पोटांत गेल्यावर फारसें अंतर राहत नाहीं, ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षित माणसांच्याहि ध्यानांत येत नाहीं. चहांतील साखर कटाक्षानें वर्ज्य करणारा गृहस्थ पुरीच्या बाबतींत निर्धास्त असतो, याचें कारण हेंच.

आतां आंकडे घेऊं. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ सालीं भारतीय अन्नपदार्थांच्या घटकांचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं आहेत. त्यांप्रमाणें, तंतुमय भाग वगळून, १०० ग्रॅम कणकेंत सुमारें ६४ ग्रॅम पिष्टमय द्रव्य असतें. तेवढ्या कणकेच्या बेताच्या आकाराच्या दहा पुऱ्या होतात असें धरल्यास एका पुरींत ६.४ ग्रॅम, म्हणजे सहा पुऱ्यांत ३८ ग्रॅमच्या वर पिष्ट पोटांत जातें. साखरेचा लहान चमचा साधारण पांच ग्रॅमचा असतो. त्या मापानें सहा पुऱ्या म्हणजे साडेसात चमचे साखर झाली.

यावर कोणी म्हणेल, ‘मी तर काटकुळा आहें, मला कसली भीति?’ या प्रश्नाचें उत्तर पुण्यांतच शोधलें गेलें आहे. येथील के. ई. एम्. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघां संशोधकांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत स्वतःच्याच शरीरांची तुलना छायाचित्रासह प्रसिद्ध केली. उंची व वजन यांवरून काढला जाणारा देहमानांक दोघांचाहि अगदीं सारखा, म्हणजे २२.३ होता. परंतु शरीरांतील चरबीचें प्रमाण मोजलें तेव्हां युडकिन यांचें ९.१ टक्के व याज्ञिक यांचें २१.२ टक्के निघालें. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ सालापासून चाललेल्या पाहणींत हीच गोष्ट नवजात बालकांतहि आढळली. तेथील बालकांचें जन्मतः वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बालकांचें ३.५ किलो, पण वजनांतील ही तूट स्नायु व पोटांतील अवयव यांत अधिक होती आणि त्वचेखालील चरबींत पुष्कळच कमी होती. दिसावयास कृश आणि आंतून मेदयुक्त अशी आपली ठेवण असल्यामुळें, पाश्चात्य माणसाच्या मानानें कमी वजनावरच आपल्याला मधुमेह गांठतो. तेव्हां आरशावर भरंवसा ठेवून पिष्टाचा हिशेब सोडून देणें आपल्याला परवडण्यासारखें नाहीं.

यानंतर एका लोकप्रिय समजुतीचा विचार करणें अवश्य आहे. पुष्कळ घरांत गव्हाऐवजीं नाचणी, ज्वारी किंवा राजगिरा यांच्या पुऱ्या करतात आणि त्या पथ्याच्या झाल्या असें मानतात. वर सांगितलेल्या कोष्टकांत १०० ग्रॅम ज्वारींत सुमारें ६८, नाचणींत ६७, बाजरींत ६२ व राजगिऱ्यांत ६१ ग्रॅम पिष्टमय द्रव्य दिलेलें आहे. म्हणजे कणकेच्या ६४ शीं तुलना केली तर एक धान्य दोन पावलें मागें, तर दुसरें तीन पावलें पुढें, पंक्ति तीच. या धान्यांचे गुण मी नाकारीत नाहीं. नाचणींत चुना, म्हणजे कॅल्शियम, विपुल आहे. बाजरींत लोह आहे. ज्वारीची भाकरी हें तर आपलें जुनें व चांगलें अन्न आहे. पण पिष्ट कमी करण्याचें काम त्यांच्या हातून होत नाहीं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या त्याच पाहणीच्या पुढील अहवालांत, जो २०२५ सालीं प्रसिद्ध झाला, हाच निष्कर्ष निघाला. पांढऱ्या तांदुळाच्या किंवा मैद्याच्या जागीं अख्खा गहूं अथवा भरड धान्य आणलें, परंतु एकूण पिष्टाचें प्रमाण तेंच ठेवलें, तर धोका कमी झालेला दिसला नाहीं. उलट पिष्टांतून मिळणाऱ्या उष्णतेचा अवघा पांच टक्के भाग डाळी किंवा दूधदुभतें यांतील प्रथिनांकडे वळविला, तर धोका कमी असलेला दिसून आला.

आपल्या प्राचीन वैद्यांनीं प्रमेहाच्या रोग्यास यव, म्हणजे जव, हें धान्य मुख्य अन्न म्हणून सांगितलें आहे. जवांतील विशिष्ट तंतूंमुळें त्यांतील साखर रक्तांत सावकाश उतरते, हें आतां समजलें आहे. कोणत्या अन्नानें रक्तांतील साखर किती वेगानें चढते हें मोजण्याची पद्धत टोरोंटोच्या डेव्हिड जेंकिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८१ सालीं मांडली. परंतु वेग ही एक गोष्ट आणि परिमाण ही दुसरी. नळ बारीक सोडला तरी तो पुष्कळ वेळ चालूं राहिल्यास बादली भरतेच. अल्पपिष्ट पुरींत आपल्याला मूळ परिमाणच कमी करावयाचें आहे.

मग पिष्ट कमी असलेलें पीठ घेऊन सरळ पुऱ्या तळल्या कीं झालें, असें कोणास वाटेल. येथेंच खरी अडचण आहे, आणि ती समजण्यासाठीं पुरी फुगते कशी हें पाहिलें पाहिजे. कणकेचा लहानसा गोळा वाटींतल्या पाण्यांत चोळीत राहिलें, तर पाणी दुधासारखें पांढरें होतें व शेवटीं हातांत चिकट, रबरासारखा ताणणारा एक पदार्थ राहतो. पाण्यांत गेलें तें पिष्ट, आणि हातांत राहिलें तें गव्हाचें विशिष्ट प्रथिन, ज्यास ग्लुटेन म्हणतात. इटलींतील बोलोन्या येथील बेक्कारी या विद्वानानें हें पृथक्करण १७४५ सालीं प्रसिद्ध केलें. पण तो प्रयोग कोणत्याहि स्वयंपाकघरांत पांच मिनिटांत करून पाहतां येतो, आणि मुलांना तो अवश्य दाखवावा.

हें ग्लुटेन म्हणजे पुरीचा सांगाडा. पुरी सुमारें १८० अंश तापलेल्या तेलांत पडली कीं तिचा वरचा व खालचा पापुद्रा तत्काळ घट्ट होतो. आंतील पाणी उकळूं लागतें. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंच असल्यामुळें येथें तें ९८ अंशांच्या आसपासच उकळतें. पाण्याची वाफ झाली म्हणजे तिला कितीतरी पट अधिक जागा लागते. ग्लुटेनचा पापुद्रा फाटत नाहीं, ताणला जातो. म्हणून वाफ कोंडून राहते व पुरी टम्म फुगते. बेसन, सोयाबीन, शेंगदाणे, तीळ यांत ग्लुटेन नाहीं. त्यांच्या पिठाची पुरी लाटतांना कडेला चिरते, उचलतांना मोडते, आणि तेलांत पडल्यावर वाफ त्या चिरांतून निघून जाते. शिवाय चिरलेल्या पृष्ठभागांतून तेल आंत शिरतें. तेव्हां पिष्ट तर कमी करावयाचें आणि सांगाडा तर टिकवावयाचा, असें हें दुहेरी कोडें आहे.

तें सोडविण्याचीं साधनें आपल्याच बाजारांत आहेत. पहिलें साधन डाळ. हरभऱ्याच्या डाळींत पिष्टमय द्रव्य सुमारें ४७ ग्रॅम व प्रथिनें साडेएकवीस ग्रॅम असतात. थालीपिठाच्या व वड्यांच्या भाजणींत आपल्या आज्यांनीं धान्याबरोबर हरभरा, उडीद, मूग भाजून घातले, तें चवीकरितां असलें तरी त्या जोडीनें पिष्टाचा भार आपोआप हलका झाला. दुसरें साधन सोयाबीन. त्यांत पिष्टमय द्रव्य अवघें १० ते १३ ग्रॅम, प्रथिनें ३५ ते ३८ ग्रॅम आणि तेल सुमारें २० ग्रॅम. हें कडधान्य आपल्याकडे अगदीं नवें आहे असें समजूं नये. १९३५ च्या सुमारास वर्ध्याच्या मगनवाडींत गांधीजींच्या देखरेखीखालीं त्याचे प्रयोग झाले व ‘हरिजन’ पत्रांतून त्याविषयीं लिहिलें गेलें. त्याच सुमारास बडोदें संस्थानांत काळे नांवाच्या अधिकाऱ्यांनीं सोयाबीनची लागवड व पाककृति यांवर इंग्रजींत एक विस्तृत पुस्तक लिहिलें. आज तर महाराष्ट्र हा सोयाबीन पिकविणाऱ्या प्रमुख प्रांतांपैकीं एक असून लातूर ही त्याची मोठी पेठ आहे. इतकें असून तें आपल्या स्वयंपाकघरांत क्वचितच येतें; तेल काढून उरलेली पेंड बहुधा जनावरांच्या वाट्यास जाते.

तिसरें साधन इसबगोल. त्या बियांवरची पांढरी हलकी साल पाण्यांत आपल्या वजनाच्या अनेक पट पाणी शोषून लुसलुशीत खळ बनते. ही खळ ग्लुटेनसारखी फार ताणली जात नाहीं, पण सुट्या पिठाला बांधून ठेवते. आणि ती जवळजवळ सर्व तंतुमय असल्यामुळें रक्तांतील साखरेंत भर घालीत नाहीं. चौथें साधन जवस, जें विदर्भांत चटणीच्या रूपानें घरोघर आहे. तेंहि कुटून भिजविलें कीं चिकट होतें. आणि पांचवें साधन थोडी कणीक. ती संपूर्ण वर्ज्य करण्याचा हट्ट धरला तर पुरी न होतां वडी होते. पंचमांश राखली तर सांगाड्याला आधार मिळतो.

आतां खरेदीस निघूं. पुण्याची मंडई १८८६ सालीं ‘रे मार्केट’ या नांवानें उघडली. तिच्या दगडी इमारतीच्या खर्चास नगरपालिकेचे सभासद असतांना जोतीराव फुले यांनीं विरोध केला होता, आणि पुढें त्यांचेंच नांव त्या इमारतीस मिळालें, हें पुणेकरांना ठाऊक आहे. २०२४ सालापासून तिच्याजवळ भुयारी मेट्रोचें स्थानकहि झालें आहे, तेव्हां उपनगरांतील गृहिणींनाहि येथवर येणें आतां जड नाहीं. मंडईंत मेथी किंवा पालक यांची ताजी जुडी घ्यावी. पालेभाजी पिठांत घालण्यांत दुहेरी लाभ आहे : पुरीचें आकारमान वाढतें, पण पिष्ट जवळजवळ वाढत नाहीं. दुधी किसूनहि घालतां येतो. मात्र त्याचें पाणी पिळून घ्यावें. लाल भोपळ्याचे घारगे आपल्याकडे रूढ आहेत, परंतु त्यांत गूळ पडत असल्यामुळें ते या यादींत बसत नाहींत. डाळ व जवस आसपासच्या पेठांतील किराणा दुकानांत, आणि इसबगोल काष्ठौषधींच्या दुकानांत मिळतो.

सोयाबीनचें पीठ विकत मिळतें. परंतु तेल काढलेल्या व न काढलेल्या बियांच्या पिठाचे आंकडे सारखे नसतात, म्हणून वेष्टनावरील मजकूर वाचून घ्यावें. घरीं करावयाचें तर बिया मंदाग्नीवर खमंग व आंतपर्यंत भाजाव्या. ही गोष्ट केवळ चवीची नव्हे. कच्च्या सोयाबीनमध्यें प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारें एक द्रव्य असतें, तें चांगल्या उष्णतेनें निकामी होतें, आणि त्याबरोबर कच्चट वासहि जातो. नुसतें सोयाबीन दळून देण्यास गिरणीवाला नाखूष असतो, कारण त्यांतील तेलानें दगड चिकटतात. म्हणून चार भाग भाजलेलें सोयाबीन व तीन भाग हरभऱ्याची डाळ एकत्र करून दळून आणावी. हें पीठ तेलकट असल्यानें लवकर खवट होतें. तें थोडें थोडें करावें व शीतकपाटांत ठेवावें.

कृति अशी. सोयाबीन व डाळ यांचें वरीलप्रमाणें दळलेलें पीठ ७० ग्रॅम, कणीक २० ग्रॅम, भाजून कुटलेलें जवस ५ ग्रॅम आणि इसबगोल ५ ग्रॅम, असें एकूण १०० ग्रॅम वजन करून घ्यावें. येथें वाटीचें माप चालणार नाहीं, कारण इसबगोल इतका हलका असतो कीं वाटीनें मोजल्यास प्रमाण बिघडतें. लहान तराजू वापरावा. त्यांत बारीक चिरलेली मूठभर मेथी, ओवा, तीळ, हळद, तिखट व मीठ घालावें. आंबटपणासाठीं एक चमचा घट्ट दही घालावें. मग कोमट पाणी थोडें थोडें घालीत घट्ट पीठ भिजवावें. प्रथम पीठ फार चिकट वाटेल; त्यावर आणखी कोरडें पीठ टाकण्याची घाई करूं नये. ओल्या फडक्याखालीं वीस मिनिटें झांकून ठेवल्यास इसबगोल व जवस पाणी पिऊन घेतात आणि गोळा आपोआप सावरतो.

या पिठाचे दहा गोळे करावे. लाटतांना पिठी लावूं नये. ती तेलांत सुटून जळते. तेलाचा हात लावलेल्या दोन जाड कागदांमध्यें किंवा केळीच्या पानांमध्यें गोळा ठेवून हलक्या हातानें लाटावा, आणि नेहमीच्या पुरीपेक्षां किंचित् जाड ठेवावा. कडा चिरल्यास बोटानें दाबून सांधाव्या. तेल चांगलें तापलें आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं पिठाची लहानशी गोळी टाकावी; ती तळाशीं न रेंगाळतां लगेच वर आली म्हणजे तेल तयार झालें. तेल कमी तापलेलें असेल तर पुरी तें पिते; फार तापलेलें असेल तर सोयाबीन चटकन् काळवंडतें व कडू होतें. एका वेळीं एकच पुरी सोडावी, झाऱ्यानें हलकेंच दाबावी, एकदांच उलटावी आणि कागदावर निथळत ठेवावी.

या पुरीचें स्वरूप कसें होतें? ती कणकेच्या पुरीसारखी चेंडूप्रमाणें फुगत नाहीं. दहांपैकीं कांहीं अर्ध्या फुगतात, कांहीं चपट्या राहतात. चव तिखटमिठाची पुरी व भाजणीचा वडा यांच्या मधली लागते. गरम असतांना ती खुसखुशीत असते, गार झाल्यावर थोडी चिवट होते. म्हणून प्रवासाच्या डब्यापेक्षां पंगतीला ती अधिक योग्य. ‘अगदीं पुरीसारखी’ असें सांगून ती कोणाच्या पानांत वाढूं नये. वेगळा पदार्थ म्हणून वाढली तर ती आवडते; नक्कल म्हणून वाढली तर खाणारा फक्त उणें शोधीत बसतो.

आतां हिशेब मांडूं. ४० ग्रॅम सोयाबीनमधून सुमारें ५ ग्रॅम, ३० ग्रॅम डाळींतून १४, २० ग्रॅम कणकेंतून १३ आणि जवसांतून अर्धा ग्रॅम, मिळून साडेबत्तीस ग्रॅमच्या आसपास पिष्टमय द्रव्य होतें. कणकेचे ६४ होते. म्हणजे बरोबर निम्म्यावर आलें. एका पुरींत ६.४ ऐवजीं सव्वातीन ग्रॅम. प्रथिनें मात्र १०० ग्रॅम कणकेंत साडेदहा ग्रॅम असतात तीं येथें २४ ग्रॅमच्या घरांत जातात, आणि तंतुमय भागहि जवळजवळ दुप्पट होतो. त्यामुळें सहा पुऱ्या खाणाऱ्याचें पोट बहुधा चार पुऱ्यांत भरतें, आणि या पुरीचा खरा फायदा तोच आहे. निम्मे पिष्ट आहे म्हणून दुप्पट पुऱ्या खाल्ल्या, तर सगळा खटाटोप व्यर्थ.

तेलाकडेहि डोळेझांक करूं नये. अल्पपिष्ट म्हणजे अल्पस्नेह नव्हे. एक ग्रॅम पिष्टापासून चार, तर एक ग्रॅम तेलापासून नऊ कॅलरी उष्णता मिळते. आपल्या कढईंत किती तेल लागतें हें घरच्या घरीं काढतां येतें : तळण्यापूर्वीं तेल वजन करावें, थंड झाल्यावर उरलेलें पुन्हां वजन करावें, आणि वजाबाकीला पुऱ्यांच्या संख्येनें भागावें. समजा, दहा पुऱ्यांना ४० ग्रॅम तेल गेलें; तर दर पुरीमागें ४ ग्रॅम, म्हणजे ३६ कॅलरी केवळ तेलाच्या झाल्या. ज्यांना वजन उतरवावयाचें आहे त्यांनीं हेंच पीठ तव्यावर थोड्या तेलावर थालीपिठासारखें लावावें. पुरीचा थाट जाईल, पण पिष्टाचा लाभ तितकाच राहील.

हिशेबाचा दुसरा भाग संपूर्ण ताटाचा. पाडव्याचें पान घ्या. कणकेच्या सहा पुऱ्या ३८ ग्रॅम. बटाट्याची भाजी, शंभर ग्रॅम बटाट्याची, १५ ग्रॅम. आणि चक्क्याइतकीच साखर घालून केलेलें शंभर ग्रॅम श्रीखंड, ज्यांत साखरच ५० ग्रॅमच्या जवळपास. एकूण १०३. आतां पुऱ्या अल्पपिष्ट केल्या तर वाचले १९ ग्रॅम. श्रीखंड वाटीभराऐवजीं दोन चमचे, म्हणजे तीस ग्रॅम, वाढलें तर वाचले ३५. आणि बटाट्याच्या जागीं मटकीची उसळ न आणतां मेथीची किंवा फरसबीची भाजी आणली तर आणखी दहा तरी. म्हणजे तिन्ही मिळून भार चाळीसच्या आंत येतो. नुसती पुरी बदलून श्रीखंडाची वाटी तशीच ठेवणें म्हणजे मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, असा प्रकार होय.

जेवणाच्या क्रमालाहि महत्त्व आहे. न्यूयॉर्क येथें ११ मधुमेही रुग्णांवर झालेल्या व २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका लहान प्रयोगांत, भाजी व प्रथिनें आधीं आणि पिष्ट शेवटीं खाल्लें असतां जेवणानंतरची साखर बरीच कमी चढलेली दिसली. आपल्या पानांत कोशिंबीर, भाजी व आमटी आधीपासून असतातच. त्या आधीं खाव्या व पुरी मागाहून घ्यावी, एवढाच बदल. आणि जेवण झाल्यावर लगेच आडवें न होतां दहापंधरा मिनिटें फिरावें. चालतांना पायांचे स्नायु रक्तांतील साखर वापरतात. आपली शतपावली शंभर पावलांवर न थांबवितां हजार पावलांपर्यंत नेली, तर तिचें सार्थक होतें.

शेवटीं कांहीं सूचना, आणि त्या मी जाणूनबुजून स्पष्ट शब्दांत करतों. इन्शुलिनचा शोध लागण्यापूर्वीं मधुमेहावर कडक उपासमार व पिष्टत्याग याहून दुसरा उपाय नव्हता, आणि त्यानें रोगी थोडे दिवस अधिक जगे, इतकेंच. १९२२ च्या जानेवारींत टोरोंटो येथें एका १४ वर्षांच्या मुलास इन्शुलिन टोचलें गेलें आणि ती अवस्था पालटली. तेव्हां आहार हा औषधाचा सोबती आहे, त्याचा वारस नव्हे. जे इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनीं पिष्ट एकाएकीं निम्म्यावर आणलें आणि औषध तेंच ठेवलें, तर रक्तांतील साखर धोक्याइतकी खालीं जाऊं शकते. घाम सुटणें, हातपाय कापणें, भोवळ येणें हीं त्याचीं चिन्हें. म्हणून असा बदल आपल्या डॉक्टरांना सांगून करावा. ज्यांच्या मूत्रपिंडांचें काम मंदावलें आहे त्यांनीं सोयाबीन व डाळ यांचा हा भर विचारल्याशिवाय घेऊं नये. इसबगोल पोटांत फुगतो, म्हणून त्या दिवशीं पाणी भरपूर प्यावें. ज्यांना गिळण्याचा त्रास आहे त्यांनीं तो टाळावा. आणि ज्यांच्या घरीं ग्लुकोमीटर आहे, त्यांनीं एके दिवशीं कणकेच्या चार व दुसऱ्या दिवशीं या चार पुऱ्या, बाकीचें जेवण तेंच ठेवून, खाव्या आणि दोन तासांनीं साखर मोजून दोन्ही आंकडे वहींत लिहावे. प्रत्येक शरीर निराळें असतें; माझ्या गणितापेक्षां तुमच्या वहींतील ते दोन आंकडे तुम्हांस अधिक उपयोगी पडतील.

कोंड्याचा मांडा करणाऱ्या गृहिणीची आपल्याकडे वाखाणणी होत आली आहे, ती तिच्या काटकसरीबद्दल. आज कोंड्याची, डाळीची व पालेभाजीची आपल्याला गरज आहे ती दारिद्र्यामुळें नव्हे, तर अन्न फार सोपें व फार पांढरें झाल्यामुळें. त्यासाठीं भाजणें, दळणें, तोलणें हा जो खटाटोप आहे, तो सारा घरांतील एकाच स्त्रीच्या माथीं येऊं नये. ज्याच्या पथ्यासाठीं ही पुरी करावयाची, त्यानें निदान मंडईंत जाऊन मेथीची जुडी आणावी, ती निवडावी, आणि तराजू आपल्या हातीं घ्यावा. मोजून खाण्याची संवय लागण्यास याहून चांगली सुरुवात नाहीं.